कुत्र्याला मधमाशी चावली, तोंड सुजलंय. काय करू?

बडोद्याच्या कमाटीबागेत फिरताना फुलात नाक घातलं आणि थोबाड सुजलं, असं तुम्ही लिहिलंय. नेहमीचीच गोष्ट. कुत्र्यांना डंख बहुधा नाकाला किंवा पंजालाच बसतो. नुसती सूज असेल आणि तो खात-पीत असेल, तर एक-दोन दिवसांत उतरते.

आधी काटा शोधा. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि थोडा वेळ विष सोडत राहतो. नखाने खरवडा, चिमट्याने ओढा, कसंही, उशीर नको. काटा सापडलाच नाही तर कदाचित गांधीलमाशी असेल (आपले गुजराती शेजारी जिला भमरी म्हणतात ती). ती काटा न सोडता पुन्हा पुन्हा डसते. मग फडक्यात बर्फ गुंडाळून शेका. आजीचा चुना मात्र नको, चाटला तर तोंड भाजेल. माणसांची वेदनाशामक गोळीही नको. मांजराला तर पॅरासिटामॉल जीवघेणं ठरतं. अ‍ॅलर्जीची गोळी डॉक्टरांना वजन सांगून, विचारूनच द्या.

खरी भीती वेगळीच. उलटी, जुलाब, पांढरट हिरड्या, धाप, लटपटणं यातलं काहीही दिसलं तर थेट जनावरांचा दवाखाना गाठा. हे बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या-एक तासातच दिसतं. डंख तोंडाच्या आत किंवा घशात असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, सुजेने श्वास अडतो. आणि पोळंच उठून बरेच डंख बसले असतील तर तो ठीक दिसला तरी न्या. लघवी तांबडी-तपकिरी होणं, मूत्रपिंडाला इजा होणं, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही होऊ शकतं.