मिस्त्रींना विचारा : पुरात बुडालेली येझदी

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. वडिलांची १९८७ ची येझदी मोटारसायकल गावभागातल्या जुन्या घराच्या सोप्यात उभी आहे. २००९ पासून चालवलेली नाही. २०१९ च्या महापुरात सोप्यात छातीभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही ती पाइपनं धुतली आणि प्लास्टिक टाकून ठेवली. दिवाळीनंतर वडिलांना पंचाहत्तर पूर्ण होतात, तोवर चालू करून दाखवायची आहे. पेंटर म्हणतो, पंधरा दिवसांत नवी करून देतो. किक मात्र अर्ध्यात येऊन अडकते. आधी पेंट करू की इंजिन? खर्च किती येईल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पेंटरला चहा पाजा आणि दोन महिन्यांनी या म्हणून सांगा. आणि त्या किकला आता कुणी पाय लावायचा नाही. घरातल्या पोरांनीसुद्धा नाही.

तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट एकच, किक अर्ध्यात अडकते. नुसती दहा वर्षं कोरडी उभी असती तर मी म्हणालो असतो, प्लग काढा, भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडा, चार दिवस मुरू द्या, मग वरच्या गिअरात टाकून मागचं चाक हातानं हळू मागंपुढं करा. बऱ्याचदा तेवढ्यावर सुटतं. तुमची गाडी बुडालेली आहे, तिला हा उपाय नाही.

तुमची येझदी टू-स्ट्रोक. तिच्या इंजिनाची रचना बघा. पिस्टन खाली असला की सायलेन्सरकडचं भोक उघडं असतं. वर असला की कार्बोरेटरकडचं उघडं. म्हणजे इंजिन कुठंही थांबलेलं असो, पाण्याला बहुतेक वेळा एक ना एक दार मोकळं सापडतं. त्यात येझदीला दोन सायलेन्सर. पाणी आत गेलं की क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या, तळाशी बसतं. फोर-स्ट्रोकमध्ये खाली ऑइल तरी साठलेलं असतं. येझदीचा क्रँक पेट्रोलमधून येणाऱ्या ऑइलच्या ओलाव्यावर जगतो, आणि तो ओलावा २००९ सालीच संपला. बाहेरून पाइप मारल्यानं आतला गाळ हलत नाही. कृष्णेचा तो गाळ वाळला की लांबीसारखा घट्ट होतो. २०१९ नंतर मी उघडलेल्या एका इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचे रोलर गंजून एकमेकांना चिकटले होते, नखानंसुद्धा सुटत नव्हते. असल्या इंजिनात जोर केला की रॉड वाकतो, नाहीतर पिस्टनवरची रिंग तुटते.

रिंग तुटण्याचं मी स्वतःच्या हातानं करून बसलोय. नवीन गॅरेज होतं, अंगात रग होती. पाहुण्यांची राजदूत गोठ्यात सहा वर्षं कडब्याखाली पडलेली. किक हलेना म्हणून दुसऱ्या गिअरात टाकून उतारावर ढकलली. सुटली, दोन मिनिटं चालली, पाहुण्यांनी पेढेही मागवले. मग आतून कर्रर्र आवाज आला. रिंगेचा तुकडा पोर्टात, म्हणजे त्या भोकात, अडकून बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नांगर फिरवावा तशी रेघ पडली होती. बोअरिंग आणि नवा पिस्टन माझ्या खिशातून. पेढे मी खाल्ले नाहीत.

तेव्हा इंजिन खाली उतरवायचं. हेड आणि बोअर काढून बघा. बोअरमध्ये नुसती तांबूस झाक असेल तर होनिंगवर, म्हणजे आतून हलकं घासण्यावर, भागेल. नख अडकेल असा खड्डा असेल तर बोअरिंग करून, म्हणजे भोक थोडं मोठं कापून, ओव्हरसाइज पिस्टन बसवावा लागेल. क्रँक मात्र कसाही दिसला तरी उघडायचा. हे काम चांगल्या लेथवाल्याचं, कारण क्रँक दाबून वेगळा करून परत सरळ रेषेत दाबून बसवावा लागतो. रॉड किट, दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि ऑइल सील नवीनच टाका. सील बरं दिसतंय म्हणून ठेवलं तर महिनाभरात गिअरबॉक्सचं ऑइल ओढून गाडी पांढऱ्या धुराचा लोट सोडेल. गिअरबॉक्सचं ऑइल काढाल तेव्हा ते दुधाळ निघालं तर तिथंही पाणी गेलंय असं समजा. क्लच प्लेटा चिकटलेल्या असणारच. सायलेन्सर काढून हलवून बघा. गाळ नसला तरी कुंभारीण माशीनं घर केलेलं असतं.

टाकीत खडी घालून हलवायचा सल्ला कुणीतरी देईल. मी किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर दोन दिवस भरून ठेवतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची, उन्हात पूर्ण वाळवायची आणि लगेच ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवायचं. एक रात्र जरी कोरडी ठेवली तरी परत गंज धरते.

इंजिन बसल्यावर पहिले पाचशे किलोमीटर लिटरभर पेट्रोलला ५० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, नंतर ४०.

पार्टची काळजी करू नका. मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, पण या गाडीचे वेडे इतके आहेत की पिस्टनपासून रबरापर्यंत सगळं मिळतं. फक्त घेताना जुनी टू-स्ट्रोक असं ठणकावून सांगा. आता जी नवी येझदी येते ती फोर-स्ट्रोक, तिचं काही हिला लागत नाही.

पेंटच्या आधी आणखी एक. चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घ्या, फोटोही काढा. घासूनपुसून वर लांबी भरल्यावर नंबर बुजलेला मी पाहिलाय, आणि मग आरटीओत उभं राहून काय सांगणार? नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमची २००२ मध्येच संपली असणार. तेव्हा केलं होतं का, हे वडिलांना विचारा. आरसी बुक शोधायचं काम आजच सुरू करा, ते इंजिनापेक्षा जास्त वेळ खातं.

खर्च? इंजिन उघडायच्या आधी आकडा सांगणाऱ्याकडं गाडी देऊ नका. मीही सांगत नाही. आणि दिवाळीनंतरचा मुहूर्त गाठेलच असं नाही. वडिलांना आत्ताच सांगून टाका. इंजिन उघडताना त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसवा, कुठला नट त्यांनी कधी बदलला ते तेच सांगतील.

प्रश्न : माझी आरएक्स-१०० चार वर्षं बंद आहे. टाकीत तेव्हाचंच पेट्रोल आहे. त्यात नवीन टाकून चालू करू का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : वास घेऊन बघा, वार्निशसारखा येईल. सगळं काढून टाका. कार्बोरेटर खोलून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, उजेडाकडं धरून बघा, आरपार दिसलं पाहिजे. पेट्रोलचा पाइप आणि फ्लोटची सुई बदला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच कारखान्यांच्या उसाचं, त्याला नावं कशाला ठेवू? पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं. पुढं पंधरा दिवसांच्या वर उभी ठेवणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. टू-टीची वेगळी टाकी आहे ना, तिचा पाइपही बघा. बहुतेक उंदरानं कुरतडलेला असेल.