ट्रॅक्शनचं बटण दाबा, एबीएसच्या फ्यूजला हात लावू नका

तुमचा प्रश्न असा की पावसाळ्यात नाशिकच्या आसपास ऑफरोडिंगला जायचंय, तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर घसरत फिरू न देणारी यंत्रणा) आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी) दोन्ही एकदम बंद करणारा स्विच गॅरेजमधून बसवून घ्यावा का. ट्रॅक्शन बंद करायला कंपनीने बटण दिलेलंच आहे, ते चिखलात बिनधास्त दाबा. एबीएसचा स्विच बसवू नका. एवढं सांगून थांबलो असतो पण हाच उद्योग मी एबीएसचा फ्यूज काढून केलाय आणि त्यात माझ्या पुतण्याचं मनगट मोडलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. गाडी चालवायला मी त्याच्याकडूनच शिकलो, त्याच्या महिंद्रा एमएम ५४० जीपवर. रुतलेली जीप एक चाक गरगरा फिरत असताना हँडब्रेक दोन खटके ओढून तो अशी बाहेर काढायचा की बघत राहावं. आत्ता ट्रॅक्शन कंट्रोल जे करतो तेच तो हाताने करायचा, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. त्यामुळे मी फोर बाय फोर घेतली तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याचं एकच, हे इलेक्ट्रॉनिक्स काढून टाक, पायात ब्रेक असला पाहिजे.

ऑगस्टमधे आम्ही गिरणारेच्या पुढे कश्यपी धरणाच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या रानात गेलो होतो. दोन दिवस पाऊस झालेला, काळी माती, टायरच्या खाचा पाच मिनिटांत भरून टायर गुळगुळीत. ट्रॅक्शन चालू असताना गाडी चढाला लागली की मधेच दम तोडायची, कारण चाक घसरलं की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कमी करतो आणि चिखलात तर तुम्हाला जोर तुटू द्यायचा नसतो. बटण दाबून बंद केलं, टायरची हवा १८ पीएसआयवर आणली, गाडी सरळ वर. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग उतारावर ब्रेक दाबला की पेडल थरथरायचं आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढेच सरकायची, तेव्हा दादा म्हणाला एबीएसचा फ्यूज काढ, आणि बॉनेट उघडून त्याने स्वतः काढला. उतारावर फरक पडला हे खरंय, नाकारत नाही. मोकळ्या मातीत, खडीत चाक लॉक झालं की त्याच्यापुढे मातीचा ढीग साठतो आणि गाडी त्या ढिगाला अडून थांबते, एबीएस चाक फिरत ठेवतो म्हणून तो ढीग होत नाही.

फ्यूज काढल्यावर मीटरवर पिवळा एबीएसचा दिवा लागला, आणि त्याच्यासोबत लाल ब्रेकचा दिवासुद्धा. मी विचारलं हा लाल कशाला, हँडब्रेक तर खाली आहे. दादा म्हणाला फ्यूज काढल्यावर दिवे लागणारच, लक्ष देऊ नको. तो लाल दिवा ईबीडीचा होता हे मला नंतर कळलं.

ईबीडी म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवणारी गोष्ट, आणि ती वेगळी नसते, एबीएसच्याच डब्यात बसते. जुन्या बऱ्याच जीपा-पिकअपना मागच्या एक्सलवर रॉड जोडलेला व्हॉल्व्ह असायचा, लोड नसला की तो मागचा ब्रेक आपोआप कमी करायचा. नव्या बऱ्याच गाड्यांत तो व्हॉल्व्ह काढून ते काम ईबीडीला दिलंय. म्हणजे फ्यूज काढला की तुमची गाडी जुन्या जीपसारखी होत नाही, जुन्या जीपपेक्षा वाईट होते. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची बाजू हलकी होते, तिथे पूर्ण प्रेशर गेलं की मागची चाकं आधी लॉक होतात, आणि लॉक झालेल्या चाकाला आडवी पकड राहत नाही, शेपूट फिरतं.

परतताना हवा भरली पण फ्यूज राहिला. दादा त्याच्या गाडीत पुढे गेला, त्याचा मुलगा माझ्याकडे बसलेला. त्या दिवसांत गिरणारेला टोमॅटोचा सीझन असतो, रस्त्यावर कॅरेट भरलेल्या पिकअप आणि ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो आणि वरून भुरभुर पाऊस. दुगावच्या अलीकडे पुढची पिकअप अचानक थांबली, मी पन्नासच्या आत होतो, अंतर होतं, ब्रेक दाबला आणि मागची बाजू डावीकडून पुढे यायला लागली. स्टिअरिंग उलटं फिरवलं, ब्रेक सोडला, पुन्हा दाबला, जे दादानेच शिकवलं होतं ते सगळं केलं. गाडी अर्धी फिरून मागून चारीत गेली. पोराने डॅशबोर्डवर हात टेकवला होता, मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर.

आणि दादाने घरी सगळ्यांना काय सांगितलं, तर याने घाबरून ब्रेक दाबून धरला. आत्याच्या घरी आजही हेच सांगतात. याला गाडी चालवता येत नाही. माझ्या मुलाचा हात याने मोडला.

म्हणून मी महिन्याभराने मखमलाबादकडे एका रिकाम्या ले-आउटमधे मित्राला घेऊन गेलो, रस्त्यावर पाणी मारलं, चाळीसच्या स्पीडला आधी फ्यूज लावून ब्रेक मारला आणि मग फ्यूज काढून, दोन्ही पाच-पाच वेळा. लावलेला असताना गाडी पाचही वेळा सरळ थांबली. काढल्यावर पाचपैकी चार वेळा मागची बाजू बाहेर गेली, आणि एकदा तर मित्र चालवत होता, त्याला काय होणार ते माहीत असूनही. सगळ्याचा व्हिडिओ काढलाय. हे कुणी घरी करू नका, आम्ही दोन्ही बाजूला शंभर फूट मोकळं बघून केलंय.

पायात कितीही कसब असलं तरी पाय एकच पेडल दाबतो. चार चाकांना वेगवेगळं प्रेशर कुठल्याच माणसाचा पाय देऊ शकत नाही, दादाचापण नाही. त्याची जीप त्या काळी चाळीस-पन्नासने चालायची आणि मागचा ब्रेक तिच्या बनावटीतच बेताचा होता, त्याच्या पायामुळे नाही.

उताराचं म्हणाल तर ४एल (फोर बाय फोरचा लो गिअर) टाका, पहिला गिअर, ब्रेकवरून पाय काढा, इंजिन धरून ठेवतं. अगदी रांगत्या स्पीडला एबीएस तसाही मधे पडत नाही. टायरची हवा कमी करण्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्या स्विचने पडत नाही. आणि एक चाक हवेत लटकलं असेल अशा जागी ट्रॅक्शन कंट्रोल परत चालू करून बघा, कारण त्यातला ब्रेक लावणारा भाग तिथे कामाचा असतो, इंजिन दाबणारा भाग चिखलात त्रासाचा. बऱ्याच गाड्यांत ४एल टाकल्यावर हा त्रासाचा भाग आपोआप बंद होतो, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा.

बाइकवाले रॉयल एनफिल्डच्या हिमालयनचं उदाहरण देतील की तिथे कंपनीच एबीएस बंद करू देते. बरोबर, पण फक्त मागचा, पुढचा चालूच राहतो.

एबीएस एप्रिल २०१९ पासून नव्या कारना सक्तीचं आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंदी आहे, त्यामुळे असा स्विच बसवलेला सापडला तर इन्शुरन्सवाले क्लेमला अडवणार हे धरून चाला. माझ्या वेळी इन्शुरन्सवाल्यांना काढलेला फ्यूज गाडीतच सापडला, मी खोटं बोललो नाही, आणि मागच्या बाजूचं सगळं काम खिशातून केलं.

पुतण्याचा हात आता बरा आहे, क्रिकेट खेळतो. त्याने व्हिडिओ बघितलाय. दादाला दोनदा पाठवला, अजून उघडलेला नाही.