सील पार्टीचं, दंड मात्र गाडीमालकाला?

प्रश्न : माझा एकच ट्रेलर आहे, २०१६ चा. आरसीवर मालासकट वजन ४०,२०० किलो. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टरमार्फत भिवंडीच्या गोदामातून न्हावा शेवा बंदरासाठी चाळीस फुटी कंटेनर उचलला. बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, माल २२ टन. भरताना ड्रायव्हरला आत येऊ दिलं नाही, सील मारूनच गाडी ताब्यात दिली. वाटेत आरटीओच्या वायुवेग पथकाने वजनकाट्यावर घेतली तर ४३,२०० किलो! दंड २६ हजार. जादा माल उतरवा म्हणाले, तर माल पाठवणारी पार्टी सील तोडू देईना. शेवटी क्रेन लावून कंटेनर दुसऱ्या ट्रेलरवर चढवला. दोन दिवस गेले, ट्रान्सपोर्टरने भाडंही अडवलंय, ड्रायव्हरला लायसन्स निलंबनाची नोटीस आलीय. हल्ली साडेपंचेचाळीस टन चालतं म्हणतात, मग दंड कसला? आणि तो मी का सोसायचा?
– एक ट्रेलरमालक, वडाळा

उत्तर : आधी ड्रायव्हरचं बघा, तिथे तारीख पडलेली आहे. मालगाडीत जादा भार नेणं हे लायसन्स निलंबनाचं कारण म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मध्ये स्पष्ट लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अशा प्रकरणांत किमान तीन महिने निलंबन करा, असं राज्यांना कळवलेलं आहे. त्यामुळे ‘साहेब, गरीब माणूस आहे’ एवढ्यावर भागणार नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ प्रमाणे आदेशाआधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. ड्रायव्हरने स्वतः हजर राहून लेखी म्हणणं द्यावं : कंटेनर सीलबंद होता, भरताना आत जाऊ दिलं नाही, बिल्टीवर २२ टनच होते. सोबत बिल्टीची प्रत आणि सील नंबर जोडावा. आदेश विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस असतात. तो काट्यावर निमूट गेला हे बरं झालं. वजन करून द्यायला नकार दिला असता तर त्याचाच दंड ४० हजार होता.

आता तुमचा दंड. तो बरोबर आहे. कलम १९४ प्रमाणे २० हजार, शिवाय जादा प्रत्येक टनाला दोन हजार. तीन टनांचे सहा. साडेपंचेचाळीसचा आकडा २०१८ च्या अधिसूचनेतून आला. पुढच्या अ‍ॅक्सलला ७, मागच्या चारचाकी अ‍ॅक्सलला साडेअकरा आणि ट्रेलरच्या तीन अ‍ॅक्सलना मिळून २७ टन. तुमची गाडी जुन्या हिशेबातली, ६ अधिक १०.२ अधिक २४. कलम ११३ तुमच्या आरसीवरचा आकडा बघतं, दुसऱ्याच्या गाडीवरचा नाही. सील कुणी मारलं हेही तिथे विचारलं जात नाही. दंड भरला म्हणून गाडी तशीच पुढे सोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन प्रकरणात २००५ मध्येच सांगितलंय. सील न तोडता अख्खा कंटेनर हलवलात, हे उत्तम केलंत. निर्यातीचं सील रस्त्यात तोडलं असतं तर कस्टम्सचं लचांड मागे लागलं असतं.

पैसे वसूल करायचे ते मात्र इथून. रस्ते वाहतूक अधिनियम २००७ चं कलम ८ म्हणतं, माल पाठवणाऱ्याने दिलेल्या तपशिलाची जबाबदारी त्याची, आणि तपशील चुकीचा निघून वाहतूकदाराचं नुकसान झालं तर भरपाईही त्याचीच. अडचण अशी की पार्टीशी व्यवहार ट्रान्सपोर्टरचा, तुमचा ट्रान्सपोर्टरशी. म्हणून नोटीस दोघांना द्या. तुमची मागणी ट्रान्सपोर्टरकडे. त्याला पार्टीकडून घ्यायचं तर तो घेईल.

खरी किल्ली बंदरातल्या कागदात आहे. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, आणि ते द्यायचं असतं माल पाठवणाऱ्याने. तुमचा कंटेनर पुढे गेला, म्हणजे तो कागद आहे. काटापावतीवरच्या ४३,२०० मधून आरसीवरचं रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, कंटेनरचं खरं वजन निघेल. रिकाम्या कंटेनरचं वजन त्याच्या दारावर छापलेलं असतं; ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये फोटो असेलच. व्हीजीएमचा आकडा तुमच्या हिशेबाशी जुळला, तर पार्टीला खरं वजन माहीत असूनही बिल्टीवर २२ टन लिहिले गेले, हे उघड होतं. तिथेही २२ टनच धरलेले असतील, तर पार्टीला शिपिंग लाइनला तोंड द्यावं लागेल, आणि मग ती तुमच्याशी बोलायला लवकर येईल. नोटिशीत हा कागद नाव घेऊन मागा.

क्रेन, दुसरा ट्रेलर, दोन दिवसांचा खोळंबा आणि अडवलेलं भाडं ही मागणी भक्कम आहे. दंडाचे २६ हजार वेगळ्या ओळीत मागा. ‘स्वतःच्या गुन्ह्याचा दंड दुसऱ्याकडून कसा?’ असा आक्षेप येणारच. तडजोडीत काही सोडावं लागलं तर आधी तेच सोडा. दाव्याला तीन वर्षं मुदत आहे, पण व्हीजीएमचे कागद मिळतायत तोवरच हात घाला.

एक विचारतो, खरं सांगा. ‘गाडी मागे बसलीय, स्टिअरिंग हलकं लागतंय’ असा ड्रायव्हरचा फोन किंवा व्हॉइस मेसेज तुम्हाला आला होता का? माल दाराकडे रचला की असंच होतं. निम्म्या लांबीत साठ टक्क्यांहून जास्त भार नको, हा कंटेनर भरण्याचा साधा नियम आहे. तसा मेसेज असेल आणि तरी तुम्ही ‘चल पुढे’ म्हणाला असाल, तर तो नोटिशीआधी मला दाखवा. ‘मला माहीतच नव्हतं’ हे तुमचं म्हणणं त्यावर अडकेल.

पुढच्या भाड्याला गोदामाबाहेरच्या पहिल्याच काट्यावर वजन करा, जादा भरलं तर गाडी परत आत. बिल्टीवर ‘वजन पार्टीच्या सांगण्यानुसार, तपासलेलं नाही’ असं लिहून घ्या. ‘ओव्हरलोडची जबाबदारी आमची’ असं पत्र पार्टीने दिलं तरी जाणूनबुजून जादा माल भरू नका. करार कायद्याच्या कलम २३ पुढे त्या पत्राला किंमत नाही. अपघात झालाच, तर ओव्हरलोडच्या कारणावरून गाडीच्या नुकसानीचा विमा दावा कापून ७५ टक्क्यांवर आणला जाऊ शकतो. ट्रेलरवर कर्ज असेल तर उरलेल्या पंचवीस टक्क्यांचे हप्ते तुमच्याच खिशातून जातील.