वापरलेली यामाहा आर१५ व्ही३ घेतली आहे. घरच्या घरी कोणती देखभाल करता येईल आणि कोणते बदल करण्यासारखे आहेत?

तुमची गाडी २०१९ ची, म्हणजे बीएस-४ (प्रदूषणाच्या आधीच्या निकषांची) आहे. ती चोवीस हजार किलोमीटर चाललेली असून 'पूर्वीसारखी पळत नाही' अशी तुमची तक्रार आहे, आणि त्यावर उपाय म्हणून बाहेरचा एक्झॉस्ट, परफॉर्मन्स एअर फिल्टर आणि मागे १५० मिमी रुंदीचा टायर असे तीन बदल तुमच्या मनात आहेत. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. या तिन्हींवरचा खर्च तूर्त थांबवा आणि त्यातला थोडा पैसा पॅडॉक स्टँड (चाक जमिनीवरून उचलून धरणारा स्टँड), टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना), चेन, ब्रेक पॅड व चांगले टायर यांवर लावा. १५५ सीसीच्या या इंजिनातून कारखान्यानेच १९.३ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकद काढलेली आहे. एवढ्याशा इंजिनातून आणखी काढण्यासारखे फारसे शिल्लक नसते. उलट, आहे ती ताकद कोरडी चेन, घासणारा ब्रेक आणि कमी हवेचे टायर यांत वाया जात असण्याची शक्यता मात्र दाट असते.

याची खात्री करण्यासाठी गाडी पॅडॉक स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचे चाक हाताने फिरवा. या गाडीला मधला स्टँड नसल्यामुळे पॅडॉक स्टँड ही चैन नसून पहिली गरज आहे. स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) बॉबिन, म्हणजे स्टँड अडकवायच्या गुंड्या, बसवलेल्या नसतील, तर खालून आधार देणारा रबरी पट्ट्यांचा स्टँड घ्यावा. चाक सहज फिरून हळूहळू थांबायला हवे. ते लगेच अडत असेल आणि डिस्कजवळून सतत घासल्याचा आवाज येत असेल, तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) साफ करायला झाला आहे. चाक फिरवताना चेन एका ठिकाणी ताणलेली आणि दुसऱ्या ठिकाणी सैल दिसत असेल, तर ती असमान झिजली आहे. कितीही लूब (वंगण) मारले तरी ती सुधारणार नाही. अशा वेळी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) एकत्रच बदलावेत, कारण झिजलेल्या दात्यांवर घातलेली नवी चेन फार दिवस टिकत नाही.

चेन चांगल्या अवस्थेत असेल, तर तिची निगा हे घरी करण्याजोगे सर्वांत लाभाचे काम आहे. कड्यांच्या मध्ये बारीक काळ्या रबरी रिंगा आहेत का ते आधी पाहा. रिंगा असतील तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश या दोन्ही गोष्टी दूर ठेवाव्यात. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश पुरेसा होतो. मळ निघाल्यावर कापडाने पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावर, चेनच्या आतल्या बाजूने लूब मारावे, म्हणजे चाक फिरताना ते आपोआप बाहेरच्या बाजूकडे पसरते. नंतर काही वेळ गाडी तशीच ठेवून जादा लूब पुसून टाकावे, नाहीतर रस्त्यावरची धूळ त्यावर चिकटून तीच चेन घासू लागते. हे सारे इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवतच करायचे आहे. गिअर टाकून इंजिनच्या जोरावर चाक फिरवत चेन पुसणारे लोक व्हिडिओंत सर्रास दिसतात, पण चेन आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये कापडासोबत बोट गेले तर ते वाचत नाही.

ताण मोजताना चेनच्या खालच्या पट्ट्याचा मध्य बोटाने वर-खाली करून पाहावा, आणि हे चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी करावे. सर्वांत ताणलेल्या ठिकाणचे माप धरून, गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत ते बसवावे. ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे, स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळल्या आहेत हे पाहायचे आणि मगच नट टॉर्क रेंचने आवळायचा. 'घट्ट म्हणजे सुरक्षित' हा समज इथे महागात पडतो. मागे कोणी बसले की स्विंगआर्म वर जाते आणि चेन आणखी ताणली जाते, त्यामुळे जादा आवळलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर देते.

इंजिन ऑइल बदलणे सोपे आहे. ऑइल १०डब्ल्यू-४० असावे आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलचे मानक) लिहिलेले असावे, कारण या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीसाठीचे घर्षण कमी करणारे ऑइल घातल्यास तो घसरू लागतो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालावा आणि बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नये. ॲल्युमिनियमच्या आवरणातले आटे गेले, की दोनशे रुपयांची बचत काही हजारांना पडते. जुने ऑइल गटारात न ओतता गॅरेजमध्ये नेऊन द्यावे. तिथून ते पुनर्वापरासाठी जाते.

रेडिएटरकडे मात्र लोक लक्षच देत नाहीत. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंध घाटातून आल्यावर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल त्याच्या बारीक पात्यांत वाळतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात शहरातल्या गर्दीत पंखा सतत फिरू लागतो. तिथे साध्या नळाचे पाणी हलक्या हाताने सोडावे. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. रेडिएटरच्या टाकीत निव्वळ पाणी न घालता कूलंटच घालावे आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नये.

आता ब्रेक. पुढचे कॅलिपर काढून पॅडची जाडी पाहणे, पिस्टनभोवती साचलेली काळी भुकटी साबणाच्या पाण्याने व जुन्या टूथब्रशने काढणे आणि सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावणे ही कामे नवशिक्यालाही जमतात. कॅलिपर बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, कारण पिस्टन बाहेर पडू शकतो. पिस्टन परत आत ढकलताना हँडलवरच्या ब्रेक फ्लुइडच्या टाकीतली पातळी चढते. तिथून सांडलेले ब्रेक फ्लुइड फेअरिंगचा (बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाचा) रंग खाते, म्हणून भोवती ओले कापड बांधावे. डॉट ४ फ्लुइड हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. तुमच्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असल्यामुळे हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, असे मी सुचवेन. तिच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) हवा अडकली, तर ती घरी काढणे कठीण असते.

अपग्रेडच म्हणायचे असेल, तर चांगल्या दर्जाचे ब्रेक पॅड आणि कारखान्याच्याच मापाचे, म्हणजे पुढे १००/८०-१७ व मागे १४०/७०-१७ रेडियल, पण अधिक पकडीचे टायर हा मला पटणारा बदल आहे. आताच्या टायरवरचा चार आकडी कोड पाहा. ३२१९ असेल, तर तो २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला आहे आणि नक्षी शिल्लक दिसत असली तरी रबर कडक झालेले असणार. १४० साठी बनवलेल्या रिमवर १५० बसवला, की टायरच्या कडा आत ओढल्या जाऊन त्याचा आकार टोकदार होतो, आणि जी गाडी वळणांवर चपळ म्हणून आपण घेतली तीच जड वाटू लागते. मागून रुबाबदार दिसते, एवढाच काय तो फायदा.

एअर फिल्टरबाबत एवढेच सांगतो, की तेलाचा थर दिलेला कागदी फिल्टर धुवायचा किंवा हवेने फुंकायचा नसतो. मळला की मूळ कंपनीचाच नवा घालावा. एक्झॉस्टचा प्रश्न ताकदीपेक्षा कायद्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. परदेशी व्ही३ ला असलेले उलटे फोर्क (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या) आणून बसवण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. त्या पैशात भारतीय गाडीच्या साध्या फोर्कचे ऑइल आणि सील बदलून, शिवाय वरचे सगळे सामान घेऊनही पैसे उरतात.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनाच्या झडपांची फट) तपासणे, फोर्क सील आणि वर सांगितलेले ब्रेक फ्लुइड ही कामे मेकॅनिककडे द्या, आणि शक्य असेल तर शेजारी उभे राहून पाहा. फेअरिंग काढण्याचे काम मात्र तुम्ही स्वतःच करून गाडी नेली तर बरे, कारण घाईत ओढल्यावर आतल्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात आणि मग प्रत्येक खड्ड्यावर पॅनेल खडखडते. काढण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे फोटो घ्या आणि लांब-आखूड बोल्ट ज्या जागेवरून निघाले त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा.