कडवट घोट हवा, कॅफिन नको

प्रश्न : संध्याकाळनंतरची कॉफी बंद केल्याशिवाय झोप सुधारणार नाही, असे डॉक्टरांनी मला बजावले आहे. रात्रीच्या जेवणानंतरचा तो कडवट घोट मात्र सोडवत नाही. चिकोरीच्या किंवा डँडेलियनच्या भाजलेल्या मुळांची ‘कॉफी’ कॅफिनमुक्त असते असे वाचले. ती खरोखर कॉफीची जागा घेऊ शकेल का?

उत्तर : आपल्याला ओढ कडवट घोटाची आहे, असे आपण स्वतःच लिहिले आहे आणि त्यातच निम्मे उत्तर आले. कॉफीच्या कपातून आपण भाजलेल्या पदार्थाची कडवट, खमंग चव आणि कॅफिनमुळे येणारी तरतरी अशा दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घेत असतो. सवयीने त्या इतक्या एकजीव होतात, की कोणती कशामुळे मिळते हे पिणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही. कॅफिन चवीला कडू असले, तरी कॉफीच्या एकूण कडवटपणात त्याचा वाटा थोडाच असतो. बाकीचा कडवटपणा मुख्यतः भाजण्यातून येतो. म्हणूनच कॅफिन काढून टाकलेली कॉफीही कडूच लागते, आणि म्हणूनच ज्यात मुळातच कॅफिन नाही असे मूळ नीट भाजले, तर कॉफीच्या जवळपास जाणारी चव हाती लागते.

चिकोरी, डँडेलियन आणि अशीच मुळे भाजून वापरले जाणारे बर्डॉक ही तिन्ही झाडे सूर्यफुलाच्या कुळातील. त्यांच्या मुळांत पिष्टाऐवजी इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ साठलेला असतो. चिकोरीच्या ताज्या मुळात तो वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के भरतो. मूळ भाजू लागले, की त्यातील काही इन्युलिन तुटून फ्रुक्टोज तयार होते, ही साखर करपटू लागते, मुळातील अमिनो आम्लांशी तिची प्रक्रिया होते आणि गडद तपकिरी रंग, कारामेलसारखा वास व कडू-गोड चव तयार होते. कॉफीतील फळांची आठवण करून देणारा आंबूसपणा आणि तिच्या तेलाचा जिभेवरचा जडपणा मात्र यात नसतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी हुबेहूब कॉफीची अपेक्षा ठेवून कप तोंडाला लावला, तर निराशाच पदरी येईल. माझ्या मते या पेयाला काही दिवस त्याच्याच नावाने प्यावे, तुलना आपोआप मागे पडते.

आता झोपेविषयी. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते आणि आपल्याला झोप येऊ लागते. कॅफिन त्याच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील त्याचा निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसते आणि हा निरोप पोहोचू देत नाही. निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफिन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात, मात्र हा कालावधी माणसागणिक बराच बदलतो. म्हणजे संध्याकाळी सहा वाजता घेतलेल्या कपातून साधारण 90 मिलिग्रॅम कॅफिन पोटात गेले असेल, तर रात्री अकरा वाजता त्यातील 45 मिलिग्रॅम अजून रक्तात फिरत असते. आपल्या डॉक्टरांचा सल्ला याच हिशेबावर उभा आहे. रात्रीच्या त्या एका कपापुरती चिकोरी आपल्याला पुरेशी ठरावी. सकाळी तिच्याकडून तरतरी मागू नये. ती देण्यासारखे तिच्यात काही नाही.

प्रश्न : पाकिटावर ‘हर्बल’ असे ठळक छापलेले पेय आणले, तरी रात्री डोळा लागला नाही. असे का व्हावे?

उत्तर : ‘हर्बल’ म्हणजे वनस्पतीजन्य, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे, आणि कॉफीचे झाड हीदेखील वनस्पतीच आहे. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचावी. तीत माटे, ग्वाराना किंवा कोला नट यांपैकी काही असेल, तर ते पेय कॅफिनयुक्त आहे; कोको असेल तर थोडे कॅफिन त्यातूनही येते. ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ असे लिहिलेले असेल, तर त्यात कॉफी आहेच. ‘डिकॅफ’ आणि ‘कॅफिनमुक्त’ यांतही फरक आहे: डिकॅफ कॉफीच्या एका कपात काही मिलिग्रॅम कॅफिन उरलेले असते, शुद्ध चिकोरीत ते मुळीच नसते.

भरड दळलेल्या पुडीत कॉफी आहे की निव्वळ चिकोरी, याची शंका असल्यास घरी एक सोपी पारख करता येते. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्यावे आणि चिमूटभर पूड वरून अलगद भुरभुरावी. कॉफीचे कण बराच वेळ पृष्ठभागावर तरंगत राहतात. चिकोरीचे कण भराभर भिजून खाली बसतात आणि बुडताना पाण्यात तपकिरी रंगाच्या रेघा सोडत जातात. पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या इन्स्टंट पुडीसाठी ही युक्ती उपयोगाची नाही.

प्रश्न : दिवसाला पाच कप कॉफी होत होती. ती एकदम बंद करून मुळांचे पेय सुरू केले, तर दुसऱ्या दिवसापासून डोके भणभणू लागले. हा त्या मुळाचा दोष समजावा का?

उत्तर : बहुधा नाही. रोजचे कॅफिन अचानक तुटले, की साधारण 12 ते 24 तासांत डोकेदुखी, मरगळ व चिडचिड सुरू होते, एक-दोन दिवसांत ती कळसाला पोहोचते आणि एखाद्या आठवड्यात ओसरते. मुळांचे पेय बिचारे नेमके त्याच वेळी कपात असल्याने आळ त्याच्यावर येतो. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा, किंवा कॉफीच्या पुडीत चिकोरीचे प्रमाण हळूहळू वाढवत न्यावे. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण त्यात जिभेलाही नव्या चवीची ओळख होत जाते. आठवड्यानंतरही दुखणे थांबले नाही, तर तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : ही मुळे सर्वांनाच चालतात का? आणि ती घरी भाजता येतील का?

उत्तर : सर्वांना नाही. इन्युलिन लहान आतड्यात पचत नाही, ते मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे खाद्य बनते. त्यामुळे सुरुवातीलाच तीन-चार कप घेतल्यास पोट फुगते आणि वायू धरतो. सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पतींची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही तिन्ही मुळे टाळावीत. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः डँडेलियनच्या बाबतीत, आधी डॉक्टरांना विचारावे. काही मिश्रणांत गोडीसाठी ज्येष्ठमध घातलेले असते. ते रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांनी यादीत हे नाव आवर्जून शोधावे. भाजलेल्या चिकोरीत ॲक्रिलामाइडही तयार होते; कर्करोगाशी संबंध असल्याची शंका असलेले हे रसायन आहे. युरोपीय संघाने 2017 मध्ये ठरवलेली मानक पातळी भाजलेल्या कॉफीसाठी किलोमागे 400 मायक्रोग्रॅम, तर कॉफीऐवजी वापरल्या जाणाऱ्या निव्वळ चिकोरीच्या पुडीसाठी 4000 मायक्रोग्रॅम आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दिवसाला एक-दोन कपांवर थांबण्यास हे कारण पुरेसे आहे.

घरी भाजायचे असल्यास झाडाची ओळख पक्की असावी, आणि रस्त्याच्या कडेचे किंवा औषध फवारलेल्या जागेतील मूळ घेऊ नये. मुळे घासून धुवावीत, पातळ कापावीत आणि मोडताना कट्ट आवाज येईपर्यंत वाळवावीत. ओलावा राहिला तर बाहेरून करपते आणि आतून कच्चे राहते. मग मंद आचेवर, सतत हलवत भाजावे. मधूनमधून एक तुकडा मोडून आतला रंग पाहावा: गाभाही तपकिरी झाला की लगेच उतरवावे, कारण तापलेल्या भांड्यात भाजणे चालूच राहते आणि खमंग ते जळकट हे अंतर फार थोडे असते. गार झाल्यावर भरड दळावे. एका कपाला चहाचा एक चमचा पूड घेऊन पाच ते दहा मिनिटे उकळावी आणि गाळावी. ही पूड हवेतील ओल चटकन ओढून घेते आणि तिचा गोळा होतो, म्हणून ती घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी आणि तीत ओला चमचा कधीही घालू नये.