मतदारांची एकूण नाराजी कमीत कमी ठेवणारी मतदानपद्धत आखता येते का?

अनेकांमधून एकच पर्याय निवडताना मतदारांची एकूण नाराजी कमीत कमी राहील अशी पद्धत आखता येईल का, असे आपण विचारले आहे. आखता येते, मात्र नाराजी मोजायची कशी हे आधी ठरवावे लागते, कारण माप बदलले की पद्धत बदलते आणि कित्येकदा विजेताही बदलतो.

आमच्या सोसायटीच्या सहलीसाठी मी २१ कुटुंबांकडून पसंतीक्रमाच्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या. ९ चिठ्ठ्यांवर गणपतीपुळे, वेरूळ, महाबळेश्वर असा क्रम होता. ८ चिठ्ठ्यांवर महाबळेश्वर, वेरूळ, गणपतीपुळे. आणि उरलेल्या ४ चिठ्ठ्यांवर वेरूळ, महाबळेश्वर, गणपतीपुळे. नुसती पहिली पसंती मोजली तर गणपतीपुळे जिंकत होते, जे १२ कुटुंबांनी शेवटी टाकले होते. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात करतात तसा तळाचा पर्याय बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवली, तर वेरूळ बाद होऊन महाबळेश्वर १२ विरुद्ध ९ असे जिंकत होते. दुसऱ्या पसंतीला एक आणि तिसऱ्या पसंतीला दोन असे नाराजीचे गुण धरले, तेव्हा गणपतीपुळ्याचे २४, महाबळेश्वरचे २२ आणि वेरूळचे अवघे १७ गुण झाले. आम्ही वेरूळला गेलो.

ही बेरीज म्हणजे जाँ-शार्ल द बोर्दा यांनी १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेली पद्धतच होय. तिची खोट अशी की, जिंकण्याची मुळीच शक्यता नसलेला एखादा पर्याय यादीत आला तरी निकाल फिरू शकतो. म्हणून मला जॉन केमेनी यांची १९५९ची पद्धत अधिक पटते. तिच्यात दोन-दोन पर्यायांच्या जोड्या घेऊन मतदारांचे क्रम अंतिम क्रमाशी एकूण किती ठिकाणी जुळत नाहीत हे मोजतात, आणि हा आकडा ज्या क्रमाचा सर्वांत लहान तोच स्वीकारतात. समोरासमोर प्रत्येकाला हरवणारा पर्याय असेल, तर तो या पद्धतीत हमखास पहिला येतो. अमेरिकेतील बर्लिंग्टन शहराच्या २००९ च्या महापौर निवडणुकीत अँडी माँट्रोल हे असे उमेदवार होते, तरी तळाचे बाद करत जाणाऱ्या पद्धतीत ते मागे पडले आणि बॉब किस निवडून आले; पुढच्याच वर्षी तिथल्या मतदारांनी ती पद्धत रद्द केली.

केमेनींच्या पद्धतीत १० उमेदवारांचे ३६,२८,८०० क्रम संभवतात, पण एवढे काम संगणक सहज करतो. मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते: तोच तो गट दर वेळी हरत राहिला, तर बेरीज लहान असूनही ते दिसत नाही. यासाठी बेरजेशेजारी, निवडलेला पर्याय किती जणांनी शेवटी टाकला होता आणि मागच्या वेळीही तेच लोक होते का, याची नोंद ठेवावी.