अ‍ॅक्रोपोरा हे प्रवाळ इतरांपेक्षा इतकं भरभर कसं वाढतं?

मुख्य कारण फांदीच्या टोकाला आहे. एखादी फांदी जवळून पाहा: शेंड्यावर एक मोठा, नळीसारखा पॉलिप (प्रवाळाच्या वसाहतीतला एकेक इवला जीव) असतो आणि त्याच्या बाजूंनी बारीक पॉलिप फुटत जातात. शेंडा पांढुरका दिसतो, कारण तिथे शैवाल जेमतेम असतं. खालच्या पॉलिपांच्या पेशींत राहणारं शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि ते शेंड्याकडे पोहोचतं. त्यात सांगाडा सच्छिद्र, हलका. थोड्या चुन्यात जास्त लांबी. कॅरिबियन समुद्रातलं हरणाच्या शिंगांसारखं सर्व्हिकॉर्निस (याचीच एक जात) वर्षाला 10 ते 20 सेंमी वाढतं, तर गोट्यासारखं गोल वाढणारं पोरायटिस हे दुसरं प्रवाळ जेमतेम 1 सेंमी.

फांदी मोडली तरी बिघडत नाही, तुकडा रुजतो. प्रवाळांची 'कलमं' लावतात ती याच जोरावर.

जाती शंभराहून जास्त, बहुतेक हिंद-प्रशांत महासागरात. कॅरिबियनमध्ये मात्र दोनच, आणि त्यांचा संकर प्रोलिफेरा. ओळखताना डोकं फिरतं, कारण एकच जात लाटांच्या माऱ्यात बुटकी नि दणकट, शांत पाण्यात लांबसडक होते. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफवर तिथल्या वसंतात पौर्णिमेनंतरच्या काही रात्री अनेक जाती एकदमच अंडी-शुक्राणूंचे गुलाबी गोळे सोडतात, त्यामुळे संकराला वाव मिळतो.

पण ही घाई महागात पडते. पाणी तापलं की शैवाल गमावून पांढरं पडण्यात अ‍ॅक्रोपोरा पहिल्या रांगेत असतं.